लॉन दरवर्षी मे महिन्यातच का जळते? आपल्या गावाच्या हवामानाला कोणतं गवत चालतं, ते समजून घ्या

नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली की पुढचं काम ठरलेलं असतं. समोरच्या मोकळ्या जागेत लाल मातीची ट्रॉली रिकामी होते, नर्सरीतून लॉनचे चौकोनी तुकडे येतात आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार होतं. फोटो निघतात, स्टेटसला जातात. पावसाळा छान जातो, दिवाळीतही लॉन टवटवीत असते. मग मार्च उजाडतो. कडेने पिवळेपणा सुरू होतो, एप्रिलमध्ये मधोमध टक्कल पडतं आणि मे महिन्यात हातात उरतं ते वाळलेलं गवत आणि टँकरचं बिल.

दोष बहुतेक वेळा माळ्याला दिला जातो. कधी खताला, कधी नर्सरीवाल्याला. पण खरी चूक गवत लावण्याआधीच झालेली असते. गवत फोटो बघून निवडलं जातं. आपल्याकडे ऊन किती, पाऊस किती, माती कोणती आणि उन्हाळ्यात हाताशी पाणी किती, हे कोणी बघत नाही.

म्हणूनच लॉन लावण्याआधी कोणतं गवत कुठे चालतं आणि का, हे नीट समजून घेतलेलं बरं.

गहू मे महिन्यात कोणी पेरत नाही

जगभरातल्या लॉनच्या गवतांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक थंड हवामानातली गवतं आणि दुसरी उष्ण हवामानातली.

पहिल्या गटात केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास ही नावं येतात. साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात ती जोमाने वाढतात. विम्बल्डनच्या टेनिस कोर्टवर दिसणारं ते मखमली गवत म्हणजे रायग्रास. तिथे ते ८ मिलिमीटर उंचीला कापलेलं असतं. पण विम्बल्डन ज्या महिन्यात होतं, त्या जुलैमध्ये लंडनचं सरासरी कमाल तापमान असतं २३-२४ अंशांच्या आसपास. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे फरक थेट दुपटीचा.

दुसऱ्या गटात हरळी, झोयसिया, बफेलो, कार्पेट ग्रास, पास्पलम ही गवतं येतात. यांना २७ ते ३५ अंश तापमान मानवतं.

हा फरक कशामुळे? तो आपल्या शेतातच दिसतो. गहू रब्बीत पेरायचा, मे महिन्यात नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. उलट ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिकं कडक ऊन सोसतात. थंड हवामानातली लॉनची गवतं अन्न तयार करतात ती गव्हासारखी. ऊन तापलं की पाणी वाचवण्यासाठी ती पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतात. त्यामुळे पानात कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, त्याच्या जागी ऑक्सिजन पकडला जातो आणि तयार झालेली ऊर्जा वाया जाऊ लागते. उष्ण हवामानातल्या गवतांची रचना ज्वारी-उसासारखी असते. ती पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड साठवून, दाटीने वापरतात. छिद्रं अर्धवट मिटलेली असली तरी त्यांचं काम चालू राहतं. म्हणून कमी पाण्यात आणि जास्त उन्हात ती तग धरतात.

त्यामुळे ऑनलाइन मिळणारं केंटकी ब्लूग्रासचं आकर्षक पाकीट महाराष्ट्रात डिसेंबरमध्ये उगवेलही, पण पुढचा उन्हाळा बघायला ते बहुतेक राहणार नाही. काश्मीर किंवा हिमाचलच्या थंड भागात मात्र तेच गवत चांगलं चालतं.

थोडक्यात, महाराष्ट्र आणि गोव्यात निवड करायची ती दुसऱ्या गटातूनच. आता या गटातली गवतं एकेक करून बघू.

शेतकरी उपटतो तेच गवत शहरात विकत मिळतं

हरळी म्हणजेच दूर्वा : गणपतीला वाहतो ती दूर्वा, बांधावरून शेतात घुसते म्हणून शेतकरी जिला वैतागतो ती हरळी आणि नर्सरीत 'बर्म्युडा' नावाने मिळतं ते गवत, ही तिन्ही एकाच वनस्पतीची नावं. ती जमिनीवर धावणाऱ्या फुटव्यांनी आणि जमिनीखालच्या खोडांनी अशी दोन्ही बाजूंनी पसरते. हाच गुण शेतात डोकेदुखी ठरतो आणि लॉनमध्ये वरदान. पायाखाली तुडवली तरी ती पुन्हा भरून येते. पाणी तुटलं की वरून वाळते, पण खालची खोडं जिवंत राहतात. पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवी होते.

हिचा एकच मोठा दोष, सावली अजिबात चालत नाही. रोज किमान ६ ते ८ तास थेट ऊन हवं.

नर्सरीत 'सिलेक्शन वन' नावाने मिळणारं बारीक पानांचं गवत हरळीचीच निवडक जात आहे. 'टिफ'ने सुरू होणारी संकरित नावंही ऐकायला येतात. ती अमेरिकेतल्या टिफ्टन या गावातल्या संशोधन केंद्रावरून पडली. या संकरित जातींना बी धरत नाही. त्यामुळे कोणी त्यांचं 'बी' विकत असेल तर तिथेच सावध व्हावं. या जातींची लागवड फुटव्यांपासून किंवा तयार तुकड्यांपासूनच होते.

झोयसिया : नर्सरीत 'मेक्सिकन' किंवा 'कोरियन' म्हणून मिळणारी दाट, मऊ लॉन बहुतेक वेळा या कुळातली असते. नावात मेक्सिको असलं तरी हे कुळ मूळचं आशिया आणि आसपासच्या बेटांवरचं. हे गवत इतकं दाट वाढतं की तणाला शिरायला जागा मिळत नाही. थोडी सावली सोसतं. वाढ संथ, त्यामुळे कापणी कमी. पण एकदा खड्डा पडला की भरून यायलाही तितकाच वेळ लागतो. मुलं रोज क्रिकेट खेळणार असतील तर हे गवत टाळलेलं बरं.

बफेलो : जाड, रुंद पानांचं, सावलीत चालणारं गवत. आंब्याखाली किंवा इमारतीच्या आडोशाला हरळी मरते तिथे हे टिकतं. याला ओलावा मात्र हवा. अमेरिकेतल्या माळरानावरचं 'बफेलो ग्रास' वेगळं आणि आपल्या नर्सरीतलं वेगळं. परदेशी व्हिडिओ बघून 'बफेलोला पाणी लागत नाही' असं समजू नये.

कार्पेट ग्रास : रुंद, फिकट हिरवी, बोथट टोकाची पानं. ओल, आम्लधर्मी माती आणि अर्धवट सावली याला मानवते. कोकण, गोवा आणि केरळमध्ये हे सहज वाढतं. कोरड्या भागात मात्र पाणी दिल्याशिवाय टिकत नाही.

पास्पलम : याची समुद्रकाठची जात खारं वारं आणि काही प्रमाणात खारं पाणी सोसते. किनाऱ्यालगतच्या गोल्फ कोर्सवर ती म्हणूनच वापरली जाते.

आपला भाग कोणता, त्यावर गवत कोणतं?

महाराष्ट्र एक असला तरी हवामान एक नाही. रत्नागिरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, महाबळेश्वरला ५ हजारांच्या वर. घाट उतरून पुण्यात यावं तर तोच आकडा ७०० च्या आसपास येतो. त्यामुळे मुंबईच्या पाहुण्याकडची लॉन सोलापूरला जशीच्या तशी लावली तर काय होणार, हे सांगायला नको.

कोकण, मुंबई, गोवा : इथे पाणी साठणं आणि बुरशी या दोन अडचणी मोठ्या. पावसाळ्यात पानं दिवसेंदिवस ओली राहतात, त्यावर बुरशीचे डाग पडतात. त्यामुळे जमिनीला हलका उतार आणि पाण्याला वाट हवीच. जांभ्या मातीत पाणी लवकर निचरतं, पण ती आम्लधर्मी आणि अन्नद्रव्यांनी गरीब असते, म्हणून शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर मिसळावं लागतं. अर्धवट सावलीत कार्पेट ग्रास किंवा बफेलो, उघड्यावर झोयसिया किंवा हरळी आणि अगदी समुद्रालगत पास्पलम.

पुणे, नाशिक, कोल्हापूर पट्टा : हवामान तुलनेने सौम्य, त्यामुळे पर्याय जास्त. भरपूर ऊन असेल तर हरळीची निवडक जात, थोडी सावली असेल तर झोयसिया. नाशिकला हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा ही गवतं वाढ थांबवतात आणि फिकट दिसतात. ते आजारी नसतात, विश्रांती घेत असतात. त्या वेळी खताचा मारा करू नये.

सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा : इथे खरा प्रश्न पाण्याचा. लावायची तर हरळीच आणि तीही थोड्या जागेत. काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांमध्ये मुळं तुटतात. लागवडीआधी वरच्या ६ ते ८ इंचांत वाळू आणि कंपोस्ट मिसळलं तर हा त्रास कमी होतो. काळ्या मातीत पाणी असूनही पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. अशा वेळी पाणी वाढवून उपयोग नसतो, उलट मुळं कुजतात.

विदर्भ, खान्देश : नागपूर परिसरात पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे पावसाळ्यात चिंता नाही. परीक्षा असते ती एप्रिल-मेच्या उन्हाची. उघड्या जागेत हरळी हाच भरवशाचा पर्याय. झाडाखाली पाणी देणं शक्य असेल तर बफेलो, नाहीतर तिथे गवताचा हट्ट सोडलेला बरा.

मे महिन्याचा हिशोब आधीच मांडा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. लॉन किती पाणी पिते?

गणित सोपं आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कडक उन्हाळ्यात उष्ण हवामानातल्या गवताला हिरवं राहण्यासाठी दिवसाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतं. १ हजार चौरस फूट लॉन म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. म्हणजे रोज पावणेचारशे ते साडेचारशे लिटर पाणी. महिन्याला ११ ते १४ हजार लिटर. १० हजार लिटरचा एक टँकर महिनाभरही पुरत नाही.

शहरी पाणीपुरवठ्याची योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. त्या हिशोबाने १ हजार चौरस फुटांची हिरवीगार लॉन म्हणजे घरात आणखी तीन माणसं वाढल्यासारखं आहे.

हा प्रश्न फक्त एका घराचा राहत नाही, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी नेण्याची वेळ आली. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या मैदानांना पाणी द्यायचं की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी सुरू होती. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मुंबईत ठरलेला अंतिम सामनाही बंगळुरूला गेला. टंचाईच्या काळात गवताला पाणी हा गावाचा प्रश्न होतो, तो असा.

म्हणून लॉनचा आकार जुलैच्या पाण्यावर ठरवू नये, मेच्या पाण्यावर ठरवावा. मे महिन्यात रोज १०० लिटर पाणी सहज देता येत असेल, तर २०० ते २५० चौरस फूट लॉन पुरे. उरलेल्या जागेत चिनी गुलाब, शोभेचा भुईमूग यांसारखी जमिनीलगत पसरणारी झाडं, फरशीची पायवाट किंवा नुसता मुरूमही चांगला दिसतो. पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र विचार करून लावावी. ती कुंपणाबाहेर पसरून स्थानिक झाडांना दाबून टाकते.

हरळी असेल तर अजून एक पर्याय उरतो, तिला उन्हाळ्यात झोपू देणं. दहा-पंधरा दिवसांतून एकदा चांगलं पाणी दिलं तरी खालची खोडं जगतात. लॉन पिवळी दिसते, पण मेलेली नसते.

सोसायटीत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असेल तर ते पाणी लॉनला वापरता येतं. घरच्या आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी मात्र रोज घालू नये. त्यातल्या क्षारांमुळे, विशेषतः काळ्या मातीत, जमीन हळूहळू खारवत जाते.

प्लास्टिकची लॉन हा उपाय अनेकांना सोपा वाटतो. पण उन्हाळ्याच्या दुपारी ती ६० अंशांच्या पुढे तापू शकते. अनवाणी मुलांसाठी आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी ते चटकेच असतात.

नर्सरीत जाण्याआधी करायच्या तीन चाचण्या

१. उन्हाची चाचणी : एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ६ या वेळेत दर दोन तासांनी जागेचा फोटो काढा. कुठे किती तास ऊन येतं ते स्पष्ट दिसेल. ६ तासांहून जास्त असेल तर हरळी, ४ ते ६ तास असेल तर झोयसिया, ३-४ तासच असेल तर बफेलो किंवा कार्पेट ग्रास. त्याहून कमी ऊन असेल तर गवत लावूच नये.

ही चाचणी उन्हाळ्यात केली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये भर दुपारीसुद्धा ३० फूट उंच इमारतीची सावली उत्तरेला साधारण २७ फूट पडते. घराच्या उत्तरेची लॉन दर हिवाळ्यात विरळ होते, ती यामुळेच.

२. निचऱ्याची चाचणी : एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि एकदा जिरू द्या. मग पुन्हा भरा. रात्रभरानंतरही पाणी तसंच असेल तर आधी निचऱ्याची सोय करा. नव्या बांधकामाच्या जागी वर चार बोटं लाल माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा असतो. खड्डा खणला की तेही उघडं पडतं.

३. वापराची चाचणी : लॉन बघण्यासाठी हवी की वापरण्यासाठी? मुलं खेळणार, पाहुणे बसणार, गाडी वळणार असेल तर हरळी. फक्त नजरेला हिरवं हवं असेल तर झोयसिया.

नर्सरीत गेल्यावर नावावर विश्वास न ठेवता पान बघा आणि हे गवत इथे उन्हात वाढलंय की जाळीखाली, ते विचारा. तुकडा उलटा करून मुळं बघा. मातीत छोट्या काळपट गाठी दिसल्या तर तो लव्हाळा असू शकतो. एकदा अंगणात आला की तो वर्षानुवर्षं जात नाही. पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी, असा माल घरी आणूच नये.

लागवड कधी आणि पुढे काय?

पठारावर आणि विदर्भ-मराठवाड्यात चांगला पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै ही उत्तम वेळ. कोकणात मुसळधार पावसात नवी लागवड वाहून जाते, म्हणून ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर बरा. डिसेंबर-जानेवारीत ही गवतं जेमतेम वाढतात, त्यामुळे तेव्हा घाई करू नये.

तयार तुकड्यांनी अंगण एका दिवसात हिरवं होतं, पण खर्च जास्त. टोकणी पद्धतीत ४ ते ६ इंचांवर गवताचे छोटे फुटवे लावतात. जागा भरायला दोन-तीन महिने लागतात, खर्च मात्र बराच वाचतो. हरळीसाठी हीच पद्धत सोयीची.

एकदा लॉन लागली की तीन नियम पाळावेत.

पहिला, एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. हरळी एक-दीड इंच, झोयसिया एक ते दोन इंच आणि बफेलो किमान अडीच इंच ठेवावी. उन्हाळ्यात उंची थोडी वाढवावी, म्हणजे जमिनीवर सावली राहते आणि ओल टिकते.

दुसरा, रोज थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर भिजेल असं पाणी द्यावं. पाणी वरच राहिलं तर मुळंही वरच राहतात आणि पहिल्या उन्हात जळतात.

तिसरा, पाणी सकाळी लवकर द्यावं. दुपारचं पाणी वाफ होऊन जातं आणि संध्याकाळच्या पाण्याने पानं रात्रभर ओली राहून बुरशी वाढते.

आणि इतकं करूनही नक्की ठरत नसेल, तर एक स्वस्त उपाय आहे. दोन-तीन प्रकारच्या गवतांचे दोन-दोन फुटांचे वाफे अंगणात लावा आणि एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. पाणी सगळ्यांना सारखंच द्या. पुढच्या मे महिन्यात जो वाफा जिवंत असेल, तेच तुमच्या अंगणाचं गवत. लॉनचा सगळा खर्च त्यानंतरच करा.